शहाऐंशी वर्षांची उधारी

अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या भुयारी रेल्वेच्या हिरव्या मार्गावर केनमोर नावाचे एक स्थानक आहे. एरवी तेथे विद्यार्थ्यांची आणि नोकरदारांची वर्दळ असते. परंतु ज्या संध्याकाळी न्यूयॉर्कचा यांकीज हा बेसबॉल संघ शहरात खेळायला येतो, त्या संध्याकाळी या स्थानकाचे रूप पालटते. पायऱ्या चढून वर आलेल्या परक्या माणसाला रस्ता विचारावा लागत नाही. गर्दीच त्याला पुढे नेते. आजोबा, वडील आणि नातू एकसारख्या टोप्या घालून चालत असतात. चौकावरील उंच इमारतीच्या माथ्यावर एका तेल कंपनीची त्रिकोणी खूण असलेली प्रचंड पाटी झळकत असते. मैदानाजवळच्या रस्त्यावर भाजलेल्या शेंगदाण्यांच्या पिशव्या विकणारे ओरडत असतात. आणि मग जुन्या तांबड्या विटांची, गोदामासारखी दिसणारी एक इमारत समोर येते. तेच फेनवे पार्क, बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाचे घर.

पहिल्यांदा येणाऱ्याची किंचित निराशाच होते. जगप्रसिद्ध मैदान म्हणजे काहीतरी भव्य असेल, अशी त्याची अपेक्षा असते. फेनवे पार्क मात्र जुन्या पेठेतल्या दुकानासारखे आहे: जागा अपुरी, आकार वेडावाकडा, काही खुर्च्या अरुंद आणि काहींच्या समोर छताचे खांब आलेले. 20 एप्रिल 1912 रोजी येथे पहिला अधिकृत सामना झाला. टायटॅनिक जहाज बुडून तेव्हा अवघे पाच दिवस झाले होते, त्यामुळे वृत्तपत्रांत या उद्घाटनाला फारशी जागा मिळाली नाही. अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल स्पर्धेत आज वापरात असलेल्या मैदानांपैकी हे सर्वांत जुने होय.

जागेच्या अडचणीतूनच या मैदानाचे वैभव निर्माण झाले आहे. डाव्या बाजूला लॅन्सडाउन रस्ता असल्याने सीमा फार जवळ आली, फलंदाजाच्या जागेपासून अवघ्या 310 फुटांवर. ही उणीव भरून काढण्यासाठी तेथे 37 फूट 2 इंच उंचीची भिंत उभी आहे. 1947 साली तिला हिरवा रंग देण्यात आला आणि पुढे लोक तिला ‘हिरवा राक्षस’ म्हणू लागले. भिंतीच्या पायथ्याशी धावफलक आहे. त्यावरचे आकडे आजही भिंतीच्या आत असलेली माणसे हाताने बदलतात. उजवीकडच्या हिरव्या खुर्च्यांच्या समुद्रात एकच खुर्ची तांबडी आहे. 9 जून 1946 रोजी टेड विल्यम्स या महान फलंदाजाने मारलेला चेंडू 502 फूट अंतर कापून तेथे बसलेल्या प्रेक्षकाच्या गवती टोपीवर आदळला, त्याची ती खूण. ज्या पेढीवर पणजोबांची गादी अजून जपून ठेवलेली असते, तेथे गेल्यावर जे वाटते, तेच काहीसे या मैदानात शिरल्यावर वाटते.

खेळाचे नियम क्रिकेट जाणणाऱ्याला फार अवघड नाहीत. प्रत्येक संघात नऊ खेळाडू आणि सामन्यात नऊ डाव. प्रत्येक डावात दोन्ही संघ आळीपाळीने फलंदाजी करतात आणि तीन खेळाडू बाद झाले की पाळी बदलते. 90 फूट बाजू असलेल्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात, त्यांना बेस म्हणतात. सर्व ठाणी ओलांडून मूळ जागी परतला की एक धाव मिळते. चेंडू मैदानाच्या सीमेपलीकडे थेट गेला, तर त्याला होमरन म्हणतात. मग फलंदाज आणि ठाण्यांवर उभे असलेले त्याचे सारे सहकारी निर्धास्तपणे घरी परततात. चेंडू फेकणारा तो पिचर. नऊ डावांनंतर बरोबरी असेल, तर निकाल लागेपर्यंत खेळ सुरू राहतो.

रेड सॉक्स आणि यांकीज यांचा संबंध मैदानांच्या जन्मापासूनचा आहे. 1912 साली फेनवे पार्कवरच्या त्या पहिल्या सामन्यात समोर न्यूयॉर्कचाच संघ होता; तेव्हा त्याचे नाव हायलँडर्स असे होते, यांकीज हे नाव पुढच्या वर्षी आले. तो सामना 11 डाव चालला आणि बॉस्टनने 7-6 असा जिंकला. त्या काळात थोरला भाऊ बॉस्टन होता. 1903 ते 1918 या अवधीत रेड सॉक्सने देशाचे सर्वोच्च विजेतेपद, ज्याला वर्ल्ड सिरीज म्हणतात, ते पाच वेळा मिळवले. न्यूयॉर्कच्या खात्यावर तेव्हा एकही विजेतेपद नव्हते.

मग एक व्यवहार झाला. या स्पर्धेची सारी कथा त्या एका व्यवहारावर उभी आहे.

बॉस्टनच्या संघात जॉर्ज हर्मन रूथ नावाचा एक तरुण होता. लोक त्याला ‘बेब’ म्हणत. तो मुळात उत्तम पिचर होता. पण 1919 साली त्याने 29 होमरन मारून तोवरचे सर्व उच्चांक मोडले. संघाचे मालक हॅरी फ्रेझी हे न्यूयॉर्कमधील नाट्यनिर्माते होते. संघ विकत घेताना केलेले देणे अजून डोक्यावर होते आणि 1919च्या मोसमात संघाची कामगिरी घसरली होती. त्यातच रूथने तीन वर्षांचा करार हाती असताना वर्षाच्या 10 हजार डॉलरऐवजी 20 हजारांची मागणी केली. डिसेंबर 1919च्या अखेरीस फ्रेझी यांनी त्याला यांकीजला विकले आणि जानेवारी 1920मध्ये बातमी जाहीर झाली.

व्यवहाराचे कलम व्यापारी माणसाने नीट वाचावे असे आहे. किंमत 1 लाख डॉलर. त्यापैकी 25 हजार रोख आणि उरलेल्या रकमेच्या, प्रत्येकी 25 हजारांच्या, तीन वचनचिठ्ठ्या, दरसाल 6 टक्के व्याजाने. याखेरीज यांकीजचे एक मालक जेकब रूपर्ट यांच्याकडून फ्रेझी यांना 3 लाख डॉलरचे कर्ज मिळाले आणि त्यासाठी तारण ठेवले गेले ते फेनवे पार्क. म्हणजे बॉस्टनने आपला सर्वोत्तम खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या हवाली केलाच, वर आपले घरही त्याच्याकडे गहाण टाकले.

बॉस्टनमध्ये पुढे अशी कथा रूढ झाली की, ‘नो, नो, नॅनेट’ या संगीत नाटकाच्या भांडवलासाठी फ्रेझी यांनी रूथला विकले. तारखा या कथेला साथ देत नाहीत. ते नाटक ब्रॉडवेवर आले 1925 साली. त्या दिवशीच्या ताळेबंदावरून पाहिले, तर फ्रेझी यांचा निर्णय अगदीच अविचाराचा म्हणता येत नाही. करार न पाळणारा नोकर, फेडायचे कर्ज आणि समोर चालून आलेला रोख ग्राहक. पण ताळेबंदात जे लिहिले जात नाही, ते पुढे वर्षानुवर्षे वसूल होत राहते. 1920 साली न्यूयॉर्ककडून खेळताना रूथने 54 होमरन मारले, 1927 साली 60. यांकीजने 1923 साली ब्राँक्स भागात स्वतःचे प्रचंड स्टेडियम बांधले. 18 एप्रिल 1923 रोजी तेथील पहिल्या सामन्यात पाहुणा संघ होता रेड सॉक्स, आणि त्यांच्याविरुद्ध त्या मैदानावरचा पहिला होमरन मारला तो बेब रूथनेच. ‘रूथने बांधलेले घर’ असे त्या स्टेडियमचे नाव पडले. त्या वर्षी यांकीजने पहिले विजेतेपद मिळवले आणि 2000 सालापर्यंत ही संख्या 26वर गेली. याच काळात बॉस्टनच्या खात्यावर शून्य होते.

पुढची आठ दशके बॉस्टनच्या चाहत्यांनी कशी काढली, हे समजून घेतल्यावाचून फेनवे पार्कची गर्दी समजत नाही. संघ सदैव दुबळा असता, तर लोकांनी कदाचित नाद सोडला असता. पण तो दुबळा नव्हता. तो दाराशी येऊन परतणारा संघ होता. 1946, 1967, 1975 आणि 1986 या चारही वर्षी रेड सॉक्स वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला आणि चारही वेळा सातव्या, म्हणजे शेवटच्या सामन्यात हरला. 1949 साली मोसमाचे दोन सामने उरले असताना तो यांकीजच्या एक सामना पुढे होता. ते दोन सामने न्यूयॉर्कमध्ये, यांकीजविरुद्धच होते. दोन्ही हरला.

1978चा घाव फेनवे पार्कच्या अंगणातच बसला. त्या जुलैमध्ये बॉस्टन यांकीजच्या तब्बल 14 सामने पुढे होता. मोसम संपला तेव्हा दोघे बरोबरीत आले आणि 2 ऑक्टोबर रोजी एकच निर्णायक सामना ठरला. बॉस्टन 2-0 असा पुढे असताना सातव्या डावात यांकीजचा बकी डेंट फलंदाजीला आला. हा काही मोठा फटकेबाज नव्हे. त्या साऱ्या मोसमात त्याचे होमरन होते चार. त्याने मारलेला चेंडू उंच गेला आणि हिरव्या भिंतीच्या माथ्यावरून पलीकडे पडला. तिघांच्या धावा झाल्या आणि सामना यांकीजने 5-4 असा जिंकला. दुसऱ्या एखाद्या मैदानावर तो सोपा झेल ठरला असता, असे बॉस्टनची वडीलधारी माणसे आजही सांगतात. ज्या भिंतीचा एवढा अभिमान, तीच त्या दिवशी फितूर झाली. डेंटचे नाव बॉस्टनमध्ये पुढे अनेक वर्षे एका असभ्य विशेषणासहच उच्चारले जाई.

दर एप्रिलमध्ये नवा मोसम सुरू होई. व्यापाऱ्याने नवी वही उघडावी तशी नवी आशा; परंतु पहिल्याच पानावर मागील बाकी ओढलेली असे. 1990 साली डॅन शॉनेसी या बॉस्टनच्या क्रीडापत्रकाराच्या पुस्तकाने या बाकीला एक नाव रूढ करून दिले: बेब रूथचा शाप. शाप ही समजूत खरी नव्हे, हे चाहत्यांनाही ठाऊक होते. परंतु दुःखाला नाव मिळाले की ते वाटून घेता येते. मुलगा आठ-दहा वर्षांचा झाला की बाप त्याला फेनवे पार्कला नेई, तांबडी खुर्ची दाखवी, भिंत दाखवी आणि त्याच वेळी ही बाकीही त्याच्या नावावर करून टाकी. घर, शेत, दुकान यांच्या वाटणीवरून भाऊ भांडतात. ही वडिलोपार्जित उधारी मात्र कोणी नाकारली नाही.

या कथेची दुसरी बाजू पाहायची, तर बॉस्टनहून रेल्वेने न्यूयॉर्कला जावे. अंतर सुमारे 350 किलोमीटर, म्हणजे मुंबई–कोल्हापूरपेक्षा थोडे कमी. वेळ चारेक तास. गाडी प्रॉव्हिडन्स सोडून कनेटिकट राज्यात शिरते आणि समुद्राच्या कडेने न्यू लंडन, न्यू हेवन अशी गावे घेत जाते. या राज्यातून दोन संघांच्या भक्तांची एक अदृश्य सीमारेषा गेली आहे. एकाच गल्लीत, प्रसंगी एकाच घरात दोन्ही पक्ष नांदतात. प्रवाशांच्या टोप्यांकडे पाहिले की ती रेषा कुठे ओलांडली, हे कळते. गंमत अशी की, टोपीचा रंग दोघांचाही गडद निळाच. फरक आहे तो कपाळावरच्या अक्षराचा: एकीकडे तांबडे ‘बी’, दुसरीकडे एकमेकांत गुंतलेली पांढरी ‘एन’ आणि ‘वाय’.

ब्राँक्समधील यांकी स्टेडियम हे फेनवेच्या अगदी उलट आहे. सध्याची वास्तू 2009 साली जुन्या स्टेडियमच्या शेजारी उभी राहिली: उंच, प्रशस्त, संपन्न. आत एक स्मारकबाग आहे. तेथे रूथ आणि इतर थोर खेळाडूंच्या कोरीव पाट्या आहेत आणि सामन्याआधी लोक तेथे शांतपणे फिरतात. पहिल्या डावात मोकळ्या बाकांवरचे चाहते मैदानातील एकेका खेळाडूच्या नावाने पुकारा करतात. त्याने हात हलवून उत्तर दिल्याशिवाय पुढचे नाव घेत नाहीत. शाळेतील हजेरीच ती. यश ज्या घरी पिढ्यान्‌पिढ्या राहते, त्या घराचा आत्मविश्वास या साऱ्यात दिसतो. न्यूयॉर्कचा चाहता उद्धट असतो, अशी तक्रार बॉस्टनकर करतात. पण त्याचीही एक अडचण आहे. त्याला जिंकल्याचे कौतुक मिळत नाही. हरला तर मात्र हिशेब द्यावा लागतो.

जुन्या स्टेडियममध्ये रेड सॉक्स आला की हजारो कंठांतून एक आकडा घुमत असे: ‘नाइन्टीन-एटीन’. शिवी नाही, घोषणा नाही, केवळ 1918, बॉस्टनच्या शेवटच्या विजेतेपदाचे वर्ष. कर्जदाराला भर बाजारात त्याच्या थकबाकीची तारीख ऐकवावी, तसा तो प्रकार होता.

16 ऑक्टोबर 2003 रोजी त्याच स्टेडियममध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना झाला. आठव्या डावात बॉस्टन 5-2 असा पुढे होता. विजयाला पाच बळी उरले असताना थकलेला पिचर पेद्रो मार्टिनेझ याला व्यवस्थापकाने मैदानात राहू दिले आणि यांकीजने बरोबरी साधली. अकराव्या डावात आरोन बून याने पहिलाच चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. 6-5. बॉस्टनमधील घराघरांत दिवे मालवले गेले. मुलांना झोपवताना त्यांना काय सांगावे, हा त्या रात्री अनेक बापांपुढचा खरा प्रश्न होता. कारण त्यांना स्वतःला 1978 साली त्यांच्या वडिलांनी काय सांगितले होते, हे आठवत होते.

बरोबर एका वर्षाने तेच दोन संघ त्याच मालिकेत पुन्हा समोरासमोर आले. सातपैकी चार सामने जिंकणारा विजयी. पहिले तीन यांकीजने घेतले: 10-7, 3-1 आणि तिसरा, फेनवे पार्कवर, 19-8. बेसबॉलच्या या प्रमुख स्पर्धेत 0-3 अशा पिछाडीवरून मालिका जिंकणे तोवर एकाही संघाला जमले नव्हते.

17 ऑक्टोबर 2004ची रात्र. चौथा सामना, नववा डाव, यांकीज 4-3 असे पुढे. चेंडू मारियानो रिवेराच्या हाती. सामन्याचा शेवट सांभाळण्यात त्याच्या तोडीचा दुसरा पिचर झाला नाही, असे बेसबॉल जाणणारे मानतात. 2019 साली या खेळाच्या सन्मानमंदिरात निवड होताना त्याला एकूण एक मते मिळाली. त्या डावात त्याने केव्हिन मिलार याला चार चुकीचे चेंडू टाकले, त्यामुळे मिलारला पहिले ठाणे मोफत मिळाले. त्याच्या जागी धावण्यासाठी डेव्ह रॉबर्ट्स आला. तो जुलैच्या अखेरीस संघात आलेला राखीव खेळाडू, आणि त्याचे काम एकच: धावणे. तो दुसरे ठाणे ‘चोरणार’, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच पळत सुटणार, हे मैदानातील प्रत्येकाला ठाऊक होते. रिवेराने त्याला धाकात ठेवण्यासाठी तीनदा चेंडू पहिल्या ठाण्याकडे फेकला. मग फलंदाजाकडे पहिला चेंडू टाकताच रॉबर्ट्स निघाला. तो घसरत पोहोचला आणि त्याचा हात ठाण्यावर टेकला, तेव्हा चेंडू हाती आलेल्या खेळाडूचा स्पर्श त्याला व्हायला क्षणाचाही अंश बाकी होता. पुढच्याच क्षणी पंचाने दोन्ही हात आडवे पसरले: सुरक्षित. बिल म्यूलर याच्या फटक्यावर रॉबर्ट्स घरी आला आणि बरोबरी झाली. मध्यरात्र उलटून गेल्यावर, बाराव्या डावात, डेव्हिड ऑर्टिझ याने होमरन मारून सामना 6-4 असा संपवला.

पाचवा सामना त्याच दिवशी संध्याकाळी होता. तो 14 डाव आणि पावणेसहा तासांहून अधिक चालला आणि पुन्हा ऑर्टिझच्याच फटक्याने बॉस्टनने 5-4 असा जिंकला. सहावा न्यूयॉर्कमध्ये. पिचर कर्ट शिलिंग याच्या घोट्याजवळचा स्नायुबंध सरकत होता. डॉक्टरांनी तो टाके घालून तात्पुरता जागी बसवला होता. त्याच्या पायमोज्यावर रक्ताचा डाग पसरत असलेला साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला. बॉस्टन 4-2. आणि 20 ऑक्टोबर रोजी सातव्या सामन्यात पहिल्या डावात ऑर्टिझचा होमरन, दुसऱ्या डावात तिन्ही ठाणी भरलेली असताना जॉनी डेमन याचा चार धावांचा फटका. शेवटी 10-3. ‘रूथने बांधलेल्या घरात’ त्या रात्री तो आकडा कोणी पुकारला नाही.

आठवड्याभरात, 27 ऑक्टोबर रोजी, सेंट लुइस कार्डिनल्सला चारही सामन्यांत हरवून रेड सॉक्स विजेता ठरला. त्या रात्री आकाशात खग्रास चंद्रग्रहण होते. 1918 नंतर 86 वर्षे झाली होती.

30 ऑक्टोबरला बॉस्टनमध्ये विजययात्रा निघाली. रस्त्यांवर आणि नदीकाठी 30 लाखांच्या आसपास माणसे जमल्याचा अंदाज त्या वेळी देण्यात आला. तथापि या विजयाचे खरे दर्शन त्या यात्रेत नव्हते. ते होते न्यू इंग्लंडमधील गावोगावच्या दफनभूमींत. विजयानंतरच्या दिवसांत माणसे शांतपणे तेथे जात होती. कोणी वडिलांच्या समाधीवर संघाची लहान पताका रोवली, कोणी आजोबांच्या दगडावर टोपी ठेवली, कोणी त्या दिवसाचे वर्तमानपत्र ठेवून त्यावर दगड ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून. ज्यांनी साठ-सत्तर वर्षे वाट पाहिली आणि जे 2003च्या किंवा 1986च्या निराशेवरच डोळे मिटून गेले, त्यांना ही बातमी कळवायची होती.

कोणत्याही हिशेबनिसाने विचारावे, या माणसांना मिळाले काय? संघाचे भाग त्यांच्या नावावर नव्हते. बक्षिसाच्या रकमेत त्यांचा वाटा नव्हता. उलट तिकिटांपायी त्यांनी आयुष्यभर पदरचेच घातले. पण येथेच व्यापारातील एक जुनी गोष्ट पुन्हा समोर येते. फ्रेझी यांनी 1919 साली खेळाडू विकला. तो विकता येत होता. मैदान गहाण टाकले. तेही टाकता येत होते. चाहते मात्र त्या करारात कोठेच नव्हते, कारण त्यांची निष्ठा कोणाच्या मालकीची वस्तू नव्हती. जी वस्तू विक्रीला काढता येत नाही, तिची किंमत कोणालाही पाडता येत नाही. पेढीची पत ज्यावर उभी असते, ती गोष्ट जशी तिजोरीत सापडत नाही, तसेच हे आहे.

उधारी फिटली की देणेकरी आणि घेणेकरी यांच्या बोलण्यातला सूर बदलतो. 11 एप्रिल 2005 रोजी फेनवे पार्कवर विजेतेपदाच्या अंगठ्या वाटण्याचा समारंभ झाला. योगायोगाने त्या दिवशी पाहुणा संघ यांकीज होता आणि त्यांनी तो समारंभ आपल्या जागेवरून पाहिला. खेळाडूंची ओळख करून देताना रिवेराचे नाव आले, तेव्हा बॉस्टनच्या प्रेक्षकांनी प्रचंड जल्लोष केला. अर्थ उघड होता: ‘तुझ्यामुळेच!’ रिवेरा मोठ्याने हसला आणि टोपी काढून त्याने त्या टोमण्याचा स्वीकार केला.

नवे यांकी स्टेडियम बांधताना तर आणखी एक प्रकार घडला. बांधकामावरील एका बॉस्टनभक्त मजुराने ऑर्टिझच्या नावाचा सदरा काँक्रीटमध्ये पुरून ठेवला, शाप उलटावा म्हणून. 2008च्या एप्रिलमध्ये बातमी फुटली. यांकीजने काँक्रीट फोडून तो फाटका सदरा बाहेर काढला. पुढे त्यांनी तो बॉस्टनच्याच एका कर्करोगनिधीसाठी लिलावाला दिला आणि त्याला 1 लाख 75 हजार डॉलरहून अधिक बोली आली. साक्षात बेब रूथच्या किमतीपेक्षा आकड्याने मोठी! वैराने पुरलेली वस्तू अशा रीतीने रुग्णांच्या उपयोगी पडली.

त्यानंतर आला 15 एप्रिल 2013चा दिवस. बॉस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीच्या शेवटच्या रेषेजवळ दोन बॉम्बस्फोट झाले. तीन जणांचा मृत्यू झाला, शेकडो जखमी झाले. फेनवे पार्कवर आठव्या डावात ‘स्वीट कॅरोलाइन’ हे नील डायमंड यांचे गीत लावण्याचा आणि सर्व प्रेक्षकांनी ते एका सुरात म्हणण्याचा प्रघात आहे. ते बॉस्टनचे गीत; न्यूयॉर्कमध्ये ते लावणे म्हणजे शत्रूचा ध्वज फडकावणेच. दुसऱ्या दिवशी, 16 एप्रिलला, यांकी स्टेडियममध्ये यांकीजचा सामना भलत्याच संघाशी होता. तिसऱ्या डावानंतर ध्वनिक्षेपकावरून तेच गीत सुरू झाले. न्यूयॉर्कचे प्रेक्षक ते म्हणू लागले. ज्या शहरात ‘1918’चा पुकारा होत असे, त्याच शहरातील माणसे शेजाऱ्याच्या दुःखात त्याचेच गाणे गात होती.

2014 साली याची परतफेड झाली. यांकीजचा कर्णधार डेरेक जीटर याने वीस मोसम बॉस्टनला छळले होते. 28 सप्टेंबर रोजी तो आपला शेवटचा सामना खेळला तो फेनवे पार्कवर. तो मैदानाबाहेर निघाला, तेव्हा बॉस्टनचे प्रेक्षक उभे राहिले आणि बराच वेळ टाळ्या वाजवत राहिले. ज्याच्यामुळे आपण हरलो, त्याच्यामुळेच आपल्या जिंकण्याला किंमत आली, हे मान्य करायला मोठे मन लागते. ते मन त्या गर्दीत होते.

स्पर्धा आजही थंडावलेली नाही. 2018 साली बाद फेरीत बॉस्टनने यांकीजला त्यांच्याच मैदानावर एका सामन्यात 16-1 असे हरवले आणि पुढे विजेतेपदही मिळवले. 2004 पासूनचे ते चौथे. न्यूयॉर्कच्या खात्यावर 27 आहेत आणि हा आकडा बॉस्टनकरांना ऐकवायला ते विसरत नाहीत. पण आता कोणी कोणाच्या थकबाकीची तारीख काढत नाही.

सामना संपतो. हिरव्या भिंतीच्या आतला माणूस दुसऱ्या दिवसासाठी आकडे काढून ठेवतो. शेंगदाण्यांची टरफले पायाखाली करकरत असतात आणि गर्दी पुन्हा केनमोर स्थानकाकडे वळते. डब्यात जागा कमी, माणसे फार. तांबड्या ‘बी’ची टोपी घातलेले आजोबा उभे असतात. समोर बसलेला, पांढऱ्या अक्षरांची टोपी घातलेला न्यूयॉर्कचा तरुण उठून त्यांना जागा देतो. आजोबा बसतात, त्याच्या टोपीकडे पाहतात आणि आजचा निकाल काय लागला, हे ठाऊक असूनही त्याला मुद्दाम विचारतात. डबाभर हशा पिकतो. तरुणही हसतो, आणि पुढच्या महिन्यात ब्राँक्सला या, असे त्यांना सांगतो.